दानाच्या पत्रात मलाखी हवा की हिशोब?

वडगावकर
आमच्या चर्चच्या मंडळीचं वार्षिक दानाचं पत्र यंदा कमिटीनं माझ्या गळ्यात घातलंय. गेल्या वर्षीचं काढून बघितलं. 'प्रभूत प्रिय बंधुभगिनींनो', लगेच बायबलातलं दशांशाचं वचन, मलाखी 3:10 (कमाईचा दहावा भाग देवाला द्या), मग 'तूट आली आहे', मग खाते नंबर. संपलं! दिलेल्या पैशाचं काय झालं, एक अक्षर नाही. माझं मत, मलाखी काढा. आधी आभार माना, झालेली कामं सांगा आणि मग मागा.

माजी खजिनदार
दशांश वचनातला आहे, कमिटीचा ठराव नव्हे, काढा म्हणायला. हिशोब वार्षिक सभेत वाचतोच की आम्ही. तेव्हा बारा माणसं असतात, त्यातली चार चहासाठी. आणि मूळ दुखणं जुनं आहे. 1820 ला लंडन मिशन बेळगावात आलं, 1904 ला काम मेथडिस्टांकडं गेलं. साहेबाच्या पैशावर चालायची सवय लागली ती लागलीच. ती पत्रानं कशी मोडणार?

निपाणीकर
काका, प्रेषित पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलेलं दुसरं पत्र, 2 करिंथ 8 आणि 9 वाचा. ते दानाचंच पत्र आहे, यरुशलेमातल्या गरिबांसाठी. पौल त्यात मलाखी लावत नाही. गेल्या वर्षी सुरुवात तुम्हीच केलीत, याची आठवण देतो. पैशावरून कुणी बोट ठेवू नये म्हणून आपला सोबती तीत याच्याबरोबर आणखी भाऊ पाठवतो. हिशोबाची काळजी तिथंच आहे की.

माजी खजिनदार
अर्धंच सांगूलालास. त्याच पत्रात मासेदोनियातल्या मंडळ्यांची उदारता सांगून करिंथकरांना डिवचलंय. 9:4 बघ, ते आले आणि तुम्ही तयार नसलात तर फजिती होईल म्हणतो. मग आम्ही कापणीच्या सणाला नावं आणि रकमा वाचल्या तर एवढं काय बिघडलं?

कॅम्पातली
बिघडतं. पौलानं मंडळ्यांची नावं घेतली, माणसांची नाही. आमच्या जुन्या मंडळीत यादी मोठ्या रकमेपासून वाचायचे. आई धुणीभांडी करायची, तिचं नाव कायम शेवटी. नंतर नंतर ती सणाला मागच्या बाकावर बसायला लागली, यादी सुरू झाली की बाहेर. गरीब विधवेनं दानपेटीत टाकलेल्या दोन टोल्यांवर, म्हणजे अगदी बारक्या नाण्यांवर, प्रवचन मात्र दरवर्षी!

माजी खजिनदार
हे मला ठाऊक नव्हतं, ताई. यादीचा मुद्दा मागं घेतो. मलाखीचा नाही.

खानापूरवाला
तुम्ही वचनावर भांडताय, मी तारखेवर. पत्र जूनमध्ये पाठवू नका. शाळेची फी आणि पेरणी एकदमच येते. आमच्याकडं उसाचं बिल आल्याशिवाय हात सुटत नाही. आणि 'यथाशक्ती द्या' लिहू नका. यथाशक्ती म्हटलं की शंभराची नोट. 'महिन्याला 200 जमेल का' असं विचारलं तर घरात निदान बोलणं तरी होतं.

निपाणीकर
आकडा घातला की खंडणी वाटते.

खानापूरवाला
एकच आकडा घातला तर. तीन घाला, चौथी जागा रिकामी सोडा.

पुण्यातून
80-जीची, म्हणजे आयकरात सूट मिळवून देणारी पावती मिळते का? आणि माझी भाचरं कन्नड मिडीयमची, मराठी पत्र उघडणार नाहीत.

वडगावकर
निव्वळ धार्मिक कामाच्या दानाला सहसा ती सवलत नसते, तेव्हा पत्रात तशी आशा लावणार नाही. कन्नड मजकूर पाठीमागं छापतो. सुरुवात अशी केलीय, बघा: 'तुमच्या दानातून गेल्या वर्षी छपराचे पत्रे बदलले. पावसात आता उपासनेला बादल्या मांडाव्या लागत नाहीत. सभागृहात 14 नवे दिवे लागले. त्याबद्दल मनापासून आभार.' मलाखी ठेवलाय काका, पण खाली, आभारानंतर.

माजी खजिनदार
दिवे 16 आहेत. बिल माझ्याकडं आहे. मोजून लिही.