लोशन फाटतं की फुटतं?

भाषांतरवाली: कोरफडीच्या लोशनवरची माहितीपत्रिका मराठीत करते आहे. 'पायसीकारकाचं प्रमाण कमी पडलं तर लोशन फाटतं' असं लिहिलं होतं. (पायसीकारक म्हणजे तेल आणि पाणी एकजीव ठेवणारा घटक.) संपादकांनी 'फाटतं' काढून 'अस्थिर होतं' केलं. माझं काय चुकलं?

रसायनी: फाटतं दूध. आंबटाने त्यातली प्रथिनं साकळतात. लोशनमध्ये तेलाचे थेंब एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि शेवटी तेल वेगळं होतं. आम्ही 'फुटलं' म्हणतो. त्याआधी एक अवस्था असते: थेंब शाबूत असतात, फक्त वर जमतात. बाटली हलवली की पुन्हा एकजीव. त्याला 'साय धरली' म्हणा. दोन्हींना 'अस्थिर' म्हटलं तर बाटली टाकायची की हलवायची, हे वाचकाला कसं कळणार?

नागपूरकर: आधी 'पायसीकारक' काढा. पायस म्हणजे खीर! बाटलीवर लोक इमल्सिफायर वाचतात, तेच लिहा.

जुना वाचक: पयस् म्हणजे दूध, आणि दूध हे पाण्यात विखुरलेलं स्निग्धच. इतका नेमका शब्द टाकून का द्यायचा? मात्र 'प्रमाण' ढोबळ आहे, 'संहती' हवं, म्हणजे कॉन्सन्ट्रेशन.

नागपूरकर: संहती? घरी लोशन करणारी बाई टक्के मोजते. इमल्सिफायिंग वॅक्स सहसा ३ ते ६ टक्के, एवढं तिला पुरे.

रसायनी: टक्क्यांवरच सगळं थांबत नाही. थेंबांचा पृष्ठभाग झाकला गेला की जास्तीचा इमल्सिफायर पाण्यात पुंजके करतो. पुंजके फार झाले तर थेंब उलट एकमेकांकडे ढकलले जातात आणि साय लवकर धरते. काही इमल्सिफायर जास्त झाले तर त्वचेतली स्निग्धताही ओढून घेतात. त्यात वनस्पतींचे अर्क! रिठ्यातलं सॅपोनिन स्वतःच तेल-पाणी बांधतं, कोरफडीच्या रसातले क्षार काही इमल्सिफायरांचं काम बिघडवतात. म्हणून 'कमी पडलं तर' इतकंच लिहू नका, 'जास्त झालं तरी' हेही हवं.

वैद्यांची सून: आमच्याकडे त्वचेला लावायचं शतधौत घृत करतात. तूप तांब्याच्या परातीत पाण्याने शंभर वेळा धुवायचं. वेगळं काही न घालता तूप पाणी धरतं. बिघडलं तर 'पाणी सुटलं' म्हणतो. 'फुटलं' कधी ऐकलं नाही.

जुना वाचक: 'सुटलं' छान आहे! पण तुमचं तूप पाणी धरतं, कोरफडीच्या लोशनमध्ये पाणी तेल धरतं. मग तिथे 'तेल सुटलं' म्हणायला हवं ना?

नागपूरकर: तेल सुटतं रश्श्याला.

वैद्यांची सून: रश्श्याला तर्री येते. तेल सुटतं मसाला परतताना.