सोलापूरला लोक येतात, पण सोलापूर बघायला थांबत नाहीत. काय करावं?

सातरस्ताकर:
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांब आहे, चहा घेऊन बसा. माझ्या मेव्हण्याने सोलापुरात घराच्या वरच्या मजल्यावर पाहुण्यांसाठी चार खोल्या काढल्यात. खोल्या भरतात, तो प्रश्नच नाही. पण येणारा माणूस रात्री वंदे भारतने उतरतो, झोपतो, पहाटे गाडी करून अक्कलकोट, तिथून तुळजापूर, जमलं तर पंढरपूर, आणि परत गाडीत. जाताना शेंगा चटणीचं एक पाकीट आणि एक चादर घेतली की झालं त्यांचं सोलापूर. स्वामी आणि आई भवानी बोलावतात म्हणून लोक येतात हे ठीकच, पण एक संध्याकाळ तरी गावात थांबावं ना.
कोल्हापूरचं बघा, तांबडा-पांढरा म्हटलं की पुण्याचा माणूस शनिवारी सकाळी निघतो. मेव्हण्याच्या डोक्यात आता फूड फेस्टिव्हल घुसलंय, तंबू, स्टेज, कोणीतरी टीव्हीवरचा पाहुणा वगैरे. मला ते पटत नाहीये पण त्याऐवजी काय हे सांगता येत नाहीये. सोलापूरकरांनी आणि बाहेरच्यांनीही सांगा, खाणं आणि गाव धरून काय करता येईल?

किल्लावेस:
फेस्टिव्हल नको रे बाबा. तंबूत शंभर रुपयाला कडक भाकरी विकणार आणि तिसऱ्या दिवशी मैदानात पत्रावळ्या उडणार.
आपल्याकडे आयता महोत्सव आहे की, जानेवारीचा दुसरा आठवडा. नीट बघ तारखा. १२ जानेवारी म्हणजे चार हुतात्म्यांचा दिवस, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे यांना १९३१ साली याच दिवशी येरवड्यात फाशी दिली. १९३० ला सोलापुरात मार्शल लॉ लागला होता हे महाराष्ट्रात किती जणांना माहितीय? लोक हुतात्मा एक्सप्रेसने येतात-जातात आणि हुतात्मे कोण ते विचारत नाहीत. त्याच दिवसांत सिद्धेश्वरची यात्रा. सात नंदीध्वज म्हणजे मिरवणुकीतल्या उंच मानाच्या काठ्या, पांढरी बाराबंदी (बंदांचा अंगरखा) घातलेले हजारो लोक, ६८ लिंगांना तैलाभिषेक, भोगीला संमती कट्ट्यावर अक्षता, संक्रांतीला होम, दुसऱ्या दिवशी दारूकाम. सिद्धरामेश्वर १२ व्या शतकातले, त्या काळापासूनचं नातं आहे हे, कोणी पर्यटनासाठी काल काढलेलं नाही.
आणि खाणं बघ. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, भोगीची भाजी. संक्रांतीला शेंगापोळी. गावाबाहेर शेतात हुरडा. हे सगळं एकाच आठवड्यात येतं, दुसऱ्या कुठल्या गावाला असं जमतं सांग. मेव्हण्याला म्हणावं स्टेजचे पैसे वाचव, या आठवड्याचं एक पान छाप, कुठल्या दिवशी किती वाजता कुठे उभं राहायचं आणि त्या दिवशी काय खायचं, बस.

डोंगरवाट_पुणे:
मी बाहेरचा, म्हणून बाहेरच्याचं सांगतो. सोलापूरबद्दल नेटवर शोधलं की तीच दहा ठिकाणांची यादी येते, भुईकोट किल्ला, सिद्धेश्वर मंदिर, तलाव, आणि मग एकदम अक्कलकोट तुळजापूर. खाण्यात शेंगा चटणी. अरे पण चटणी म्हणजे जेवण नव्हे ना, ती कशाबरोबर, कुठे बसून, कधी खायची? कोल्हापूरचं यश हेच की तिथे माणसाला पूर्ण ताट माहिती आहे, रस्सा दोन वाट्या, सुकं, भाकरी, सोलकढी का नाही यावर भांडण, सगळं. तुमच्याकडचं ताट काय ते तुम्ही कधी सांगितलंच नाही.
अजून एक. इंदूरचा सराफा घ्या, दिवसा सोन्याची दुकानं आणि रात्री त्याच पायऱ्यांवर खाणं, गावातले लोक स्वतःच जेवण झाल्यावर तिथे जायचे, जातात. म्हणून बाहेरचा गेला की त्याला खरं वाटतं. तुमचे लोक रात्री कुठे जातात ते दाखवा, मी थांबेन एक रात्र.

कणीसवाला:
आमचं शेत नान्नज रोडला आहे, थंडीत हुरड्याला लोक येतात म्हणून लिहितो. वर हुरडा म्हणून एका शब्दात उडवलंत पण खरा माल तोच आहे.
हुरडा काही बारमाही नाही. रब्बीची ज्वारी, दाणा दुधातून चिकात येतो तेवढेच दिवस, एका वावरात आठ-दहा दिवसांच्या वर मिळत नाही. म्हणून शेतकरी पेरणीच पुढंमागं करतो, तेव्हा कुठं डिसेंबर मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत पुरवठा चालतो. त्यात हुरड्याची ज्वारी वेगळी, गूळभेंडी, सुरती वगैरे. भाकरीची मालदांडी वेगळी, तिचा हुरडा खाता येतो पण दाणा बोंडातून सहज सुटत नाही, हात सोलून निघतात. आगटीत गोवऱ्या पेटवायच्या, कणसं निखाऱ्यात खुपसायची, काळी झाली की गरम गरम हातावर चोळायची. चोळणारा माणूस पाहिजे हो, तेच मिळंना झालेत. शेजारी शेंगा चटणी, लसणाची चटणी, दही, गूळ, रेवडी, वांग्याचं भरीत असलं की दुपारचं जेवण विसरा.
मे महिन्यात फोन येतात, हुरडा पार्टी आहे का. आता काय सांगावं? तुमच्या मेव्हण्याला म्हणावं खोल्यांच्या जाहिरातीत महिने ठळक लिही. आणि आमच्यासारख्यांकडे आदल्या दिवशी तरी आकडा कळव, सकाळी अचानक चाळीस माणूस आणून सोडू नको. इथून जवळच माळढोकचं अभयारण्य आहे. माळढोक दिसेलच अशी आशा कुणाला लावू नका, पण काळवीट सकाळी दिसतात, म्हणजे पहाटे माळ आणि दहाला हुरडा असा बेत होतो.

पूर्वभाग:
सगळे भाकरी आणि चटणीवर आलेत म्हणून बोलतो. अर्धं सोलापूर तुम्ही धरलंच नाही. आमच्या पूर्व भागात या ना, दुकानाच्या पाट्या तेलुगूत आहेत, घरात तेलुगू, बाहेर मराठी, मालकाशी हिंदी आणि शिव्या कन्नडमध्ये. आमचे आजे-पणजे तेलंगणातून मागावर काम करायला आले. नवरात्रात बायका फुलांची बतुकम्मा रचतात, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो, गल्ली गल्ली भरलेली असते. संक्रांतीला तुम्ही शेंगापोळी करता, आमच्याकडे सकिनालु, म्हणजे तांदळाच्या पिठाची कडी, तळतात. तिकडे विजापूर वेशीत रमजानची संध्याकाळ काय असते ते जाऊन बघा. हे ताटात नाही आलं तर ते सोलापूरचं ताट नाही.
दुसरं चादरीचं. सोलापुरी चादरीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, टॉवेललाही आहे, पण पाहुणा स्टेशनवर जी घेतो ती सोलापूरची असतेच असं नाही. त्यापेक्षा त्याला कारखान्यात न्या. जेकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, पुठ्ठ्याची कार्डं कशी फिरतात, एक धागा तुटला तर कारागीर कसा पळतो ते दहा मिनिटं बघितलं की माणूस भाव करत नाही. मात्र मालकाची परवानगी आधी घ्या, आणि कामगाराच्या तोंडावर मोबाईल धरून रील काढू नका. तो पीसवर, म्हणजे नगाप्रमाणे मजुरीवर काम करतो, तुमच्या रीलमध्ये त्याची मजुरी बुडते.

बाळीवेस_आजोबा:
किल्लावेस यांना एक सांगणे. यात्रेचा कार्यक्रम छापा, हरकत नाही. परंतु अक्षता म्हणजे शो नव्हे. कुंभाराच्या मुलीचा सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी झालेला विवाह, त्याचे ते स्मरण आहे. आम्ही घरच्या लग्नाला जावे तसे जातो. पाहुण्यांनी यावे, अक्षता टाकाव्यात, ड्रोन उडवू नये. आणि त्या आठवड्यात गावात मुंगीला जागा नसते, वाहतूक वळवलेली असते, हे न सांगता पाहुणे बोलावले तर शिव्या तुमच्या मेव्हण्याला पडतील.
गावात पाण्याचे हाल आहेत, नळ रोज येत नाही, तेही लक्षात असू द्या. चार खोल्यांना टाकी मोठी घ्या. चीनमध्ये जाऊन युद्धातल्या जखमींवर उपचार करणारे डॉ. कोटणीस, त्यांचे घर भैय्या चौकात स्मारक करून ठेवले आहे, चीनमधून पाहुणे मुद्दाम येतात, आपली मुले शेजारून जातात आणि आत डोकावत नाहीत. तेही त्या कागदावर लिहा.

सातरस्ताकर:
आजोबा, टाकीचं आजच सांगितलं त्याला, नमस्कार. बाकी सगळ्यांनाही मनापासून थँक्यू, फेस्टिव्हल कॅन्सल झालं एकदाचं.
तर मी असं ठरवतोय, बघा पटतंय का. यात्रेच्या आठवड्यात नवीन पाहुण्याला ओढायचंच नाही, जे स्वतःहून येतील त्यांना फक्त माहितीचा कागद. जोर लावायचा तो हुरड्याच्या दिवसांतल्या, डिसेंबर मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंतच्या बाकीच्या शनिवार-रविवारवर. शनिवारी देवदर्शन करून संध्याकाळी गावात परत, रात्रीचं जेवण घरीच, बहीण करेल, कडक भाकरी आमटीत चुरून, शेंगा चटणी वर कच्चं तेल घालून. रविवारी सकाळी हुरडा, दुपारी माग बघणे आणि संध्याकाळची गाडी. ज्यांना मटण पाहिजे त्यांना बाहेर पाठवू, बहिणीच्या स्वयंपाकघरात चालत नाही.

पूर्वभाग:
रविवारी कुठला माग चालू असणार बे? सुट्टीचा वार कारखान्यागणिक वेगळा, आधी विचार. शनिवारी दुपारी माग आणि रविवारी पूर्ण दिवस हुरडा असं फिरव. देवदर्शन शुक्रवारी रात्री येऊन शनिवारी पहाटे, अक्कलकोट करून बारापर्यंत परत येतात लोक. तुळजापूर राहिलं तर जाताना.

डोंगरवाट_पुणे:
हे असं असेल तर जानेवारी संपायच्या आत मी दोन खोल्या घेतो. चटणी मिक्सरची असेल तर मात्र परत जाईन, आधीच सांगतो, उखळातलीच पाहिजे, तेल सुटलेली.

सातरस्ताकर:
उखळातलीच आहे. कुटायला एक तास लागतो म्हणून बहीण किलोच्या वर करत नाही, तेव्हा पार्सल मागू नका.