मदत हवी आहे: पी०२९९ हा इंजिनबिघाडाचा कोड, यवतेश्वर घाटात गाडी ओढत नाही (सातारा)

नमस्कार मंडळी. गाडी २०१८ ची डिझेल एसयूव्ही, बीएस-४, मॅन्युअल, १ लाख ८ हजार किमी झालेत. गेल्या रविवारी आईला घेऊन गावी बामणोलीकडे निघालो होतो. यवतेश्वर घाटात दुसऱ्या गिअरला इंजिनचा पिवळा दिवा लागला आणि पिकअपच गेला. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी आरपीएम २५०० च्या वर जाईना. मागे एसटी, एका बाजूला दरी. आई देवाचं नाव घेत बसली होती. कशीबशी कडेला घेतली, बंद करून पाच मिनिटांनी चालू केली तर पुन्हा नीट ओढायला लागली. दिवा मात्र तसाच.

तीन दिवसांनी पुन्हा तेच, त्याच चढाला. सपाटीला, साताऱ्यात फिरताना काहीच जाणवत नाही.

मित्राकडचा ब्लूटूथ स्कॅनर स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावला. एकच कोड आला: पी०२९९. दिवा लागला त्या क्षणाची नोंदही निघाली: आरपीएम २१५०, टर्बोकडून (इंजिनात दाबाने हवा ढकलणारा पंप) मागितलेला दाब २१५, मिळालेला १४० किलोपास्कल. जोरात रेस केली की बॉनेटमधून सूंऽऽ असा हवा सुटल्यासारखा आवाज येतो, तो आधी नव्हता.

सर्व्हिस सेंटरला कोड बघताच "टर्बो गेला, पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल" म्हणाले. खर्च लाखाच्या घरात. बॉनेट उघडून कुणी पाहिलंही नाही, याचं फार वाईट वाटलं. टर्बो खरंच गेला असेल तर बदलेन, पण एवढ्यावरून ठरतं का? आधी काय तपासायला लावू? आणि तोवर गाडी चालवावी का? आईला दर पंधरा दिवसांनी दवाखान्यात न्यावं लागतं, म्हणून विचारतोय.

उत्तर, कराडहून:
भाऊ, थांबा, टर्बोला अजून हात लावू देऊ नका. पी०२९९ म्हणजे मागितला तेवढा दाब मिळाला नाही, एवढंच. का मिळाला नाही ते कोड सांगत नाही. हवा वाटेत कुठे गळत असेल तरी हाच कोड येतो, आणि तुमचा सूंऽऽ आवाज तिकडेच बोट दाखवतोय.

टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत (ती गरम हवा थंड करणारी जाळी) आणि तिथून इंजिनपर्यंतचे रबरी होज, म्हणजे जाड नळ्या, बघा. इंजिन थंड असताना क्लिप सैल करून खालच्या बाजूने हात फिरवा. चीर बहुतेक खालीच असते, दाब आला की उघडते, एरवी मिटलेली. बाहेरून तेलकट काळा डाग दिसला की समजायचं. होजच्या आत तेलाचा पातळ थर असतोच, त्याला घाबरू नका. मग ॲक्च्युएटरची (टर्बोचा दाब कमीजास्त करणारा भाग) व्हॅक्यूमची बारीक नळी, ॲक्च्युएटरचा दांडा अडकतोय का, एअर फिल्टर. हे सगळं ठीक निघालं तरच टर्बोचा शाफ्ट (पंखे फिरतात तो मधला दांडा) हाताने हलवून बघायचा. आडवा किंचित हलला तर चालतं, पुढेमागे हलायला नको.

गावात हळू चालवा, घाट टाळा. निळा धूर दिसला किंवा इंजिन ऑइल कमी व्हायला लागलं तर गाडी जागेवर बंद करा आणि टोचन करून न्या. खराब टर्बोतून इंजिनात ऑइल शिरलं तर इंजिनच जातं. आणि कोड पुसण्याआधी त्या आकड्यांचा फोटो काढून ठेवा, पुसला की नोंदही जाते.

धागाकर्ता, अपडेट:
दादा, मनापासून आभार. एमआयडीसीतल्या एका मेस्त्रींकडे गेलो. इंटरकूलरच्या खालच्या होजला क्लिपलगत करंगळी जाईल एवढी चीर निघाली, भोवती काळं चिकट तेल. शाफ्ट घट्ट आहे. नवा होज टाकून काल आईसकट चौघं यवतेश्वर चढून आलो. मागितले २१०, मिळाले २०६. आवाज बंद, दिवाही परत लागलेला नाही. जुना होज डिकीत ठेवलाय, शनिवारी सर्व्हिस सेंटरला नेऊन दाखवणार आहे.