मराठवाड्यात लोकल बोर्ड होतं का?

परभणीकर: आजोबांच्या ट्रंकेत उर्दू कागद सापडला. वाचून घेतला, तर ‘अव्वल तालुकदार’ लिहिलेलं. आम्ही तर कलेक्टर म्हणतो. व्हाइसरॉय रिपनचा १८८२ चा स्थानिक स्वराज्याचा ठराव, गावकारभार लोकांच्या बोर्डांकडं देणारा, आपल्याकडं आलाच नाही का?

गोदाकाठ: दादा, तो ठराव इंग्रजी मुलखाचा. मुंबई इलाख्यात १८८४ चा लोकल बोर्ड कायदा झाला, तरी जिल्हा बोर्डाच्या खुर्चीत कलेक्टरच! आपण निजामाकडं. १८६५ ला त्याच्या दिवाणानं, सालारजंगानं, जिल्हाबंदी केली, म्हणजे मुलखाचे जिल्हे पाडले. तुमचा अव्वल तालुकदार म्हणजेच जिल्ह्याचा कलेक्टर. खाली तहसीलदार.

परभणीकर: म्हणजे तालुकदार तालुक्याचा नाही! मी उगाच तालुका शोधत बसलो.

लातूरचा मास्तर: सगळेच फसतात. जिल्हा परिषद मात्र १९६२ ची. कागद लॅमिनेट करू नका हो, शाई जाते.