ग्वाल्हेरात मुलीसाठी बी.एस्सी. नर्सिंग : विद्यापीठ पारखायचं कसं?

जनकगंजवाले
नमस्कार मंडळी. मुलगी यंदा बारावी झाली, बायोलॉजी घेऊन ७१ टक्के. नीटमध्ये जमलं नाही आणि अजून एक वर्ष कोट्याला घालवायची तिचीच इच्छा नाही. तिला नर्सिंग करायचंय. शहराबाहेरच्या एका खासगी विद्यापीठात वर्षाला ९५ हजार सांगतात, बसचे पैसे वेगळे. परवा जाऊन आलो. इमारत चकाचक, लॅबमध्ये रबराचा पुतळा, आणि काउन्सेलर पोरगा म्हणाला, "शंभर टक्के प्लेसमेंट, जर्मनीसुद्धा." आमच्या आईचं एकच पालुपद, आपल्या घरातली मुलगी लोकांची घाण काढणार का? तिला मी समजावीन. पण पुण्याचा मेहुणा म्हणतो, एमपीत नर्सिंगला घालूच नकोस. चार वर्षं आणि चार लाख, म्हणून विचारतो. स्वतः या लायनीतलं कुणी आहे का इथे?

दौलतगंज ६२
मेहुणा खोटं बोलत नाहीये. माझ्या भाच्याने २०२० साली एका कॉलेजात (नाव घेत नाही) ॲडमिशन घेतली. पहिल्या वर्षाची परीक्षा झाली २०२४ मध्ये! आधी कॉलेजांच्या मान्यतेवरून कोर्टात केस, मग सीबीआयची तपासणी, मग त्या तपासणीतलेच लोक लाचेत धरले गेले, की पुन्हा तपासणी. भाचा तोवर मोबाइलच्या दुकानात बसायला लागला. अजून तिथेच आहे.

कम्पूची सिस्टर
अहो जनकगंजवाले, एकतीस वर्षं वॉर्डात काढून रिटायर झाले आहे, म्हणून चार शब्द जास्त लिहिते.

इमारत आणि पुतळा विसरा. नर्सिंग पलंगाजवळ शिकतात. आमच्याकडे पोस्टिंगला निरनिराळ्या कॉलेजांच्या मुली यायच्या. कोण कुठे शिकलंय ते पहिल्या तासात कळायचं. एकीला बीपीचा पट्टा बांधता येईना, तिसऱ्या वर्षाची होती. विचारलं तर रडवेली होऊन म्हणाली, "मॅडम, आमच्या हॉस्पिटलात पेशंटच नसतात." इन्स्पेक्शनच्या दिवशी मात्र गावातून माणसं आणून पलंगांवर झोपवायचे आणि दुपारी पुरी-भाजी देऊन परत पाठवायचे, हेही तिनेच सांगितलं.

म्हणून एक करा. कॉलेजचं जे हॉस्पिटल दाखवतात, तिथे न सांगता जा, सकाळी नऊच्या सुमारास. पेशंटला भेटायला आलोय म्हणा. बाळंतपणाचा वॉर्ड कुठे ते विचारा, बाहेर नातेवाईक बसलेत का बघा. औषधाच्या दुकानावर गर्दी आहे का? चहाची टपरी चालते का? पेशंट असले की टपरी चालते, याला अपवाद मी पाहिला नाही. तिथल्या विद्यार्थिनींना विचारा, आतापर्यंत स्वतःच्या हाताने किती डिलिव्हरी केल्या. केस बुकात नोंद करावी लागते, तेव्हा आकडा तोंडपाठ असतो. नसला तर समजून जा.

आता कागद. विद्यापीठ यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, यादीत आहे एवढ्याने भागत नाही. त्या कोर्सला त्या वर्षाची मान्यता भोपाळच्या नर्सेस रजिस्ट्रेशन कौन्सिलची हवी, आणि आयएनसीच्या (इंडियन नर्सिंग कौन्सिल) यादीतही नाव बघा. "प्रक्रियेत आहे" म्हणाले तर उठून या. डिग्री मिळाली पण कौन्सिलमध्ये नोंदणी झाली नाही, तर ती मुलगी नर्स म्हणून कुठेच लागत नाही. दौलतगंजवाल्यांच्या भाच्याचा जीव याच मान्यतांच्या घोळात अडकला. गेल्या दोन बॅचच्या परीक्षा वेळेवर झाल्या का, हे सीनियर मुलींकडून काढून घ्या, ऑफिसकडून नाही.

नोकरीचं खरं सांगते. इथल्या खासगी हॉस्पिटलात सुरुवातीचा पगार ऐकून तुम्हाला वाईट वाटेल. माझ्या मैत्रिणीच्या सुनेला १४ हजारांवर लावलं, वर महिन्यात दहा नाइट. पण एम्सची नॉरसेट, म्हणजे नर्सभरतीची परीक्षा काढली तर नर्सिंग ऑफिसर, मूळ पगारच ४४,९००, वर भत्ते. बी.एस्सी.वाली मुलगी नोंदणी झाली की लगेच बसू शकते. जीएनएमवाल्यांना (नर्सिंगचा डिप्लोमा) मात्र पन्नास पलंगांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. चार वर्षांच्या डिग्रीचा हा मोठा फायदा. जर्मनीचं प्लेसमेंट वगैरे सोडा. तिथे जर्मन भाषा साधारण बी-टू पातळीपर्यंत शिकावी लागते, ते काम मुलीचं, कॉलेजचं नाही.

आणि सरकारी कॉलेजांसाठी पीएनएसटी ही नर्सिंगची प्रवेश परीक्षा असते, त्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत? फी तिथे कितीतरी कमी.

आईंना सांगा, घाण काढावी लागते, खरं आहे. मीही काढली. त्याच हातांनी लेबर रूममध्ये किती पोरं धरली त्याचा हिशोब ठेवला नाही, नाहीतर सांगितला असता.

दौलतगंज ६२
टपरीचं पटलं. आमच्या भाच्याच्या कॉलेजबाहेर एक म्हैस बांधलेली असायची, बस.

जनकगंजवाले
सिस्टर, आज सकाळी साडेनऊला जाऊन आलो. सव्वाशे पलंगांची पाटी आहे. पहिल्या मजल्यावर मोजले, बारा पेशंट. बाळंतपणाच्या वॉर्डाला कुलूप, गार्ड म्हणाला, "मॅडम आज छुट्टी पे हैं." टपरी बंद होती. काउन्सेलरला फोन करून यंदाच्या मान्यतेचं पत्र मागितलं तर म्हणतो, आधी वीस हजार भरून सीट ब्लॉक करा, पत्र व्हॉट्सॲपवर पाठवतो.

पीएनएसटीचं डोक्यातच नव्हतं हो. मुलीला नीटच्या तयारीमुळे बायो-फिजिक्स येतंच, म्हणजे ती मेहनत अगदीच वाया गेली नाही.

कम्पूची सिस्टर
वीस हजार भरू नका. पीएनएसटीच्या फॉर्मवर नजर ठेवा. तो भरेपर्यंत मुलीला एक दिवस जे.ए.एच.च्या (आपलं सरकारी जयारोग्य हॉस्पिटल) ओपीडीच्या रांगेत उभी करा, नुसती बघायला. तिथला वास आणि आरडाओरडा सोसून संध्याकाळी "मला जायचंय" म्हणाली तर तिला घाला. नाही म्हणाली तर रागावू नका.

जनकगंजवाले
सोमवारी नेतो. आई म्हणतेय, मीपण येते, गुडघे दाखवायचेच आहेत.