दमलेला देवदूत कुठे भेटला?

काल रात्री 'विंग्ज ऑफ डिझायर' (1987) बऱ्याच वर्षांनी परत पाहिला. बर्लिनच्या लायब्ररीत ओव्हरकोट घातलेले देवदूत वाचणाऱ्यांच्या मागे उभे राहून त्यांच्या मनातलं पुटपुटणं ऐकतात. एकदम आईच्या आजारपणातल्या रात्री आठवल्या. आयसीयूबाहेर एक सिस्टर भिंतीला टेकलेली, एक चप्पल काढून पाऊल दुसऱ्या पोटरीवर घासत. बझर वाजला की चप्पल सरकवून आत. तुम्हालाही अशा पात्रावरून कुणी आठवलं असेल तर लिहा.

पारवा:
'विंग्ज'मधला दुसरा देवदूत, कॅसिएल!! छतावरचा तो मुलगा उडी मारतो आणि याला काहीच करता येत नाही. मी हेल्पलाइनवर रात्रपाळ्या केल्यात. माणूस बोलता बोलता फोन ठेवतो, पुढे काय झालं ते आपल्याला कधीच कळत नाही. त्याचं ते ओरडणं मला अजिबात ओव्हर वाटलं नाही.

रातराणी:
टडोपा (टचकन डोळ्यात पाणी). आई कशा आहेत आता?

चकवा:
मला तर हा प्रकार आता बोअर होतो. जो तो देवदूत वैतागलेला, दाढी वाढलेला. 'सुपरनॅचरल' मालिकेत 2008 ला कॅस्टिएल हा देवदूत आला तेव्हा मजा होती. नंतरच्यांनी कोट तेवढा उचलला. कशाने दमलाय ते दाखवा की राव!

निवांत:
क्लॅरेन्स देवदूताला विसरलात? 'इट्स अ वंडरफुल लाइफ' (1946). दोनशेहून जास्त वर्षं झाली तरी पंख नाहीत, आणि वर लोक बोलायला लागलेत ही काळजी :ड आमचे बाबा लागले त्याच पोस्टवर रिटायर झाले. हे वाक्य आलं की टीव्हीचा आवाज वाढवायचे आणि आमच्याकडे बघायचे.

रातराणी:
@निवांत, बाबा भारी!
@पारवा, हेल्पलाइनसाठी ट्रेनिंग देतात का? बहिणीला करायचंय. अवांतराबद्दल सॉरी.

पारवा:
देतात. विपू (विचारपूस) केलीय. तिला म्हणावं, सुरुवातीला सलग रात्री घेऊ नकोस.

झुळूक:
अभिनेता पीटर फॉक राहिला की! 'विंग्ज'मध्ये तो स्वतःच्याच नावाने आहे आणि चक्क माजी देवदूत. थंडीत हात चोळण्याचं सुख काय असतं ते सांगतो तो सीन... मशीन थांबलं, कपडे वाळत घालून येते.

चकवा:
या लवकर. आणि फॉकच्याच टीव्हीवरच्या डिटेक्टिव्ह कोलंबोचा रेनकोट तरी कुठे इस्त्रीचा होता!