प्रादेशिक टेनिसमधील जीवनगौरव सन्मान: खेळाडू, पंच आणि स्वयंसेवक यांची निवड कोणत्या निकषांवर करावी?

फोरहँड (प्रश्न)

नमस्कार. आमच्या प्रादेशिक टेनिस संघटनेने यंदापासून जीवनगौरव सन्मान सुरू करायचे ठरवले असून त्याची नियमावली तयार करण्याचे काम ज्या लहान समितीकडे आले आहे, तिचा मी सदस्य आहे. खेळाडू, पंच व सामनाधिकारी आणि स्वयंसेवक या तिघांचाही सन्मान व्हावा यावर सर्वांचे एकमत आहे. मतभेद सुरू होतात ते निवड कशी करायची या मुद्द्यापाशी. खेळाडूंची विजेतेपदे, मानांकने आणि संघातील निवड या गोष्टी कागदोपत्री सापडतात. पंचांची श्रेणी आणि त्यांनी कोणकोणत्या स्पर्धांत काम केले हेही थोड्या प्रयत्नाने कळते. परंतु ज्या व्यक्तीने कित्येक वर्षे कुमार गटाच्या स्पर्धांचे ड्रॉ (कोणाचा सामना कोणाशी, याची मांडणी) काढले, प्रवेशिका तपासल्या, पाऊस थांबल्याबरोबर कोर्ट कोरडे करून घेतले आणि रात्री उशिरा दुसऱ्या दिवसाचे वेळापत्रक फलकावर लावूनच घर गाठले, तिच्या नावापुढे लिहिण्यासाठी आमच्याकडे एकही आकडा नाही.

समितीतील काहींचे म्हणणे असे आहे की सर्वांसाठी एकच गुणपत्रक करावे, म्हणजे पक्षपाताचा आरोप होणार नाही. इतरांना वाटते की गुण वगैरे न देता ज्येष्ठतेनुसार नावे घ्यावीत. पहिल्या पद्धतीत स्वयंसेवक कायमच मागे राहतील आणि दुसऱ्या पद्धतीत हा सन्मान केवळ वयाचा होऊन बसेल, अशी मला काळजी वाटते. वेगळे विभाग करावेत का, दरवर्षी किती जणांना सन्मानित करावे आणि मरणोत्तर सन्मान द्यावा की नाही, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

खुर्चीवरून

एकच गुणपत्रक करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. न्यूपोर्ट येथील आंतरराष्ट्रीय टेनिस हॉल ऑफ फेम १९५४ मध्ये स्थापन झाले आणि तेथेही खेळाडू व योगदानकर्ते असे विभाग वेगळे ठेवलेले आहेत. २०२४ चे उदाहरण आपल्या चर्चेला अगदी लागू पडते. त्या वर्षी लिअँडर पेस यांचा समावेश खेळाडू म्हणून झाला, तर विजय अमृतराज आणि पत्रकार रिचर्ड इव्हान्स यांचा योगदानकर्ते म्हणून. अमृतराज यांनी १९७३ मध्ये विम्बल्डन आणि अमेरिकन खुली स्पर्धा या दोन्हींच्या एकेरीत उपांत्यपूर्व फेरी गाठली होती, तरीही त्यांचा सन्मान झाला तो योगदानकर्ते या विभागात. म्हणजे एखादी व्यक्ती उत्तम खेळाडू असली तरी तिचे मोठे काम कोर्टाबाहेरचे असू शकते, आणि कोणत्या कामासाठी सन्मान देत आहोत हे संस्थेने नेमके सांगायला हवे. आपल्या नियमावलीत हे एक वाक्य असले तरी पुढचे बरेच वाद टळतील.

पंचांविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण माझी बहुतेक वर्षे त्याच कामात गेली आहेत. पंचाची श्रेणी महत्त्वाची आहे, परंतु केवळ श्रेणी दाखवणाऱ्या बॅजच्या रंगावर निर्णय घेतला तर प्रादेशिक पातळीवरचा खरा माणूस हातातून निसटेल. कांस्य, रौप्य आणि सुवर्ण बॅजपर्यंत पोहोचणारे पंच जगभर फिरतात आणि त्यांची दखल इतरत्र घेतली जाते. कुमार गटाच्या स्पर्धेत मात्र बहुतेक सामन्यांना खुर्चीवर पंच नसतोच. प्रत्येक खेळाडूने आपल्या बाजूच्या रेषांचा निर्णय स्वतः द्यायचा आणि शंका असेल तर तो प्रतिस्पर्ध्याच्या बाजूने द्यायचा, असा नियम असतो. अशा वेळी एकच फिरता पंच तीन-चार कोर्टांवर लक्ष ठेवतो. दोन मुले जाळ्यापाशी येऊन गुणसंख्येवरून हुज्जत घालू लागली की तो तेथे जातो, दोघांनाही मान्य असलेला शेवटचा गुण कोणता हे शांतपणे विचारून घेतो आणि तेथून सामना पुन्हा सुरू करून देतो. त्या दोन मिनिटांत मुले नियम शिकतात आणि बहुधा आयुष्यभर लक्षात ठेवतात. या कामाची नोंद सामन्याच्या गुणपत्रिकेवर होत नाही. म्हणून पंचांसाठी माझे निकष असे असतील: किती वर्षे काम केले, किती नवीन पंच घडवले, आणि अवघड प्रसंगी खेळाडू व पालक या दोघांचाही त्यांच्यावर विश्वास होता का.

आणखी एक गोष्ट तातडीची आहे. २०२१ च्या ऑस्ट्रेलियन खुल्या स्पर्धेत सर्व कोर्टांवर रेषापंचांऐवजी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा वापरली गेली आणि २०२५ पासून विम्बल्डननेही रेषापंच बंद केले. मोठ्या सामन्यात एकेकाळी एका कोर्टावर नऊपर्यंत रेषापंच उभे असत. मोठ्या स्पर्धांत जाण्याची संधी अनेक प्रादेशिक पंचांना या रेषेवरच्या कामामुळेच मिळाली आणि आता तो मार्ग अरुंद होत चालला आहे. त्या पिढीतील लोक आज आपल्यात आहेत, तोपर्यंतच त्यांचे काम लिहून घेतले पाहिजे. सन्मानाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत रेषापंचांचा आवर्जून विचार करावा, असे मला मनापासून वाटते.

नोंदवही

स्वयंसेवकांच्या बाबतीत आकडा नाही, हे खरे असले तरी पुरावा नाही, असे म्हणता येणार नाही. तो शोधावा लागतो आणि हे काम निवड समितीने स्वतःच्या अंगावर घ्यावे. अर्ज मागवून थांबलात तर ज्यांना स्वतःविषयी लिहिणे आवडते त्यांचेच अर्ज येतील. खरा स्वयंसेवक बहुधा अर्ज करत नाही.

आमच्याकडे हे काम करताना जुन्या ड्रॉच्या प्रती फार उपयोगी पडल्या. मानांकित खेळाडू कोठे ठेवले, बाय (न खेळता पुढील फेरीत प्रवेश) कोणाला दिले, ऐनवेळी माघार घेतलेल्याच्या जागी कोणाला घेतले, हे सारे हाताने लिहिलेले होते आणि खाली रेफरीची स्वाक्षरी होती. ओळीने अनेक वर्षांचे कागद समोर ठेवले तेव्हा ड्रॉवरचे हस्ताक्षर एकाच बाईंचे असल्याचे दिसले. स्वाक्षऱ्या मात्र वेगवेगळ्या रेफरींच्या होत्या आणि वार्षिक अहवालांत त्या बाईंचा उल्लेख कोठेही नव्हता. स्त्रियांच्या बाबतीत हे वारंवार घडले आहे. एखाद्या पुरुषाने तेच काम केले तर त्याला स्पर्धा सचिव म्हटले गेले आणि स्त्रीने केले तर आभाराच्या शेवटच्या ओळीत तिची मदत झाली असे लिहिले गेले. आपल्या समितीने पदनामापेक्षा प्रत्यक्ष कामाकडे पाहावे, असा माझा आग्रह आहे.

प्रत्येक नावासाठी तीन पत्रे घ्यावीत आणि ती तीन वेगवेगळ्या कालखंडांतील लोकांची असावीत: एक त्या काळचा खेळाडू, एक सहकारी आणि एक अशी व्यक्ती जिला या स्वयंसेवकाने काम शिकवले. पत्रात स्तुती नको, प्रसंग हवेत. जाळ्याची मध्यावरची उंची ०.९१४ मीटर आहे की नाही, हे दररोज सकाळी पट्टी लावून कोण पाहत असे? पालक चिडून आले तर त्यांच्याशी कोण बोलत असे? एखाद्या मुलाकडे रॅकेट नसेल तर ती कोठून येत असे? असे प्रश्न विचारले की लोक आपोआप नेमके बोलू लागतात आणि तीन पत्रांत तेच नाव, तेच काम आले तर तो पुरावा भक्कम मानायला हरकत नाही.

मरणोत्तर सन्मानाविषयी. रॉबर्ट वॉल्टर जॉन्सन हे अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात लिंचबर्ग येथे राहणारे डॉक्टर होते. कृष्णवर्णीय मुलांना टेनिसची दारे बंद असण्याच्या काळात त्यांनी घरच्या कोर्टावर मुलांना शिकवले आणि अल्थिया गिब्सन व आर्थर अ‍ॅश या नामवंत कृष्णवर्णीय टेनिसपटूंच्या जडणघडणीत त्यांचा मोठा वाटा होता. ते १९७१ मध्ये वारले आणि हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश २००९ मध्ये झाला. उशीर झाला म्हणून तो सन्मान चुकीचा ठरत नाही, परंतु त्यांना स्वतःला तो पाहता आला नाही, याचे दुःख वाटते. तेव्हा मरणोत्तर सन्मानाची तरतूद अवश्य ठेवावी, पण त्यासाठी स्वतंत्र जागा असावी आणि हयात व्यक्तींची संख्या तिच्यामुळे कमी होऊ नये.

दुहेरी

संख्येबाबत माझे मत थोडक्यात मांडते. प्रत्येक विभागात दरवर्षी जास्तीत जास्त एक नाव असावे आणि योग्य नाव नसेल तर तो विभाग त्या वर्षी रिकामा ठेवण्याचा अधिकार समितीला असावा. एका कार्यक्रमात पंधरा जणांना बोलावले तर कोणाविषयीच काही सांगता येत नाही. दुसरे म्हणजे, जे सध्या संघटनेच्या पदावर आहेत त्यांचा विचार पद सोडल्यानंतरच व्हावा. आणि समितीतील सदस्याचा नातेवाईक, शिष्य किंवा प्रशिक्षक यांचे नाव चर्चेला आले तर त्या सदस्याने बैठकीतून बाहेर जावे आणि तशी नोंद इतिवृत्तात व्हावी. या दोन नियमांवर तडजोड करू नका.

फोरहँड

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वेगळे विभाग आणि तीन पत्रे या दोन्ही सूचना मी समितीपुढे मांडणार आहे. आणखी दोन शंका आहेत. ज्यांनी संघटनेला मोठी देणगी दिली त्यांची नावे आतापासूनच सुचवली जात आहेत. त्यांचे काय करावे? आणि जे पन्नाशीत आहेत, अजून जोमाने काम करत आहेत, त्यांना जीवनगौरव दिला तर त्यांचे काम संपले असा अर्थ निघेल का?

जुना चिटणीस

देणगीदारांचे आभार मानणे हे संघटनेचे कर्तव्य आहे आणि ते मोकळेपणाने, स्वतंत्र कार्यक्रमात मानावेत. जीवनगौरवाच्या यादीत मात्र केवळ देणगीमुळे कोणाचे नाव येऊ नये, कारण एकदा असे झाले की पुढच्या वर्षी ज्याला प्रामाणिक कामासाठी सन्मान मिळेल त्याच्याकडेही लोक संशयाने पाहतील. देणगीदाराने स्वतः वर्षानुवर्षे काम केले असेल तर त्या कामाचे पुरावे इतरांसारखेच तपासावेत.

जे अजून काम करत आहेत त्यांच्यासाठी दीर्घ सेवेचा वेगळा सन्मान ठेवला तर अडचण सुटते. वीस वर्षे सलग काम केलेल्या कोणालाही तो मिळावा. त्यात निवड नको, फक्त पडताळणी हवी. त्या पडताळणीतून दरवर्षी जी कागदपत्रे जमतील, तीच पुढे जीवनगौरवाची निवड करताना हाताशी येतील.

माझा सर्वाधिक भर मानपत्रावर राहील. टेनिससाठी अमूल्य योगदान दिले, अशा वाक्यांनी भरलेले मानपत्र कोणालाही देता येते, म्हणून ते त्या व्यक्तीचे होत नाही. कोणत्या वर्षी कोणती स्पर्धा सुरू केली, ती बंद पडण्याच्या बेतात असताना काय केले, कोणत्या कोर्टाचा पृष्ठभाग पुन्हा तयार करून घेतला, किती पंचांची पहिली परीक्षा घेतली, असे तपशील त्यात यावेत आणि ते त्या व्यक्तीने शिकवलेल्या कोणीतरी वाचावेत. कार्यक्रम वेगळ्या सभागृहात न घेता वार्षिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यापूर्वी कोर्टावरच घ्यावा, म्हणजे ज्या मुलांसाठी हे काम झाले ती समोर असतात.

मानपत्राचा मसुदा छापण्यापूर्वी सन्मानित व्यक्तीला दाखवावा आणि त्यासाठी किमान पंधरा दिवस हाती ठेवावेत. वर्षे आणि नावे यांत चुका राहतात, आणि बहुतेक वेळा ती व्यक्ती आपल्या बरोबरीने काम केलेल्या आणखी दोघा-तिघांची नावे सांगते, जी समितीला ठाऊक नसतात. ती नावे पुढील वर्षाच्या यादीसाठी त्याच दिवशी लिहून ठेवावीत.